दोराचं दुसरं टोक

लग्नाच्या मिठाईचे डबे लुओ श्यू-मानने स्वतःच्या हातांनी वाटले, आणि पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

फूली गावात लग्न म्हटलं की डबे आलेच. लाल डबा, वर सोनेरी दोरा, आत मुगाच्या सारणाच्या जाड वड्या आणि झाकणावर दोघांची नावं. श्यू-मानच्या डब्यावरही दोन नावं होती, फक्त दोन्ही बायकांची. एक तिचं आणि दुसरं यी-च्वानचं. ही यी-च्वान टपाल वाटते. तिची हिरवी स्कूटर गावात सगळ्यांना पाठ. कुणाच्या घरी कुणाचं पत्र येतं ते तिला ठाऊक आणि तिच्या घरी कोण राहतं ते गावाला ठाऊक, असा वर्षानुवर्षांचा बिनबोभाट व्यवहार. पण ठाऊक असणं वेगळं आणि डबा हातात पडणं वेगळं. त्या वसंतात अशा लग्नांना मान्यता देणारा कायदा झाला, दोघी नोंदणी कचेरीत जाऊन सह्या करून आल्या, आणि श्यू-मान डब्यांची चळत घेऊन शाळेत हजर झाली.

शाळेच्या मुलींच्या रस्सीखेच संघाची ती कोच. बेचाळिशीची, खांदे रुंद, केस बारीक, आवाज डोंगरापलीकडे जाणारा. मुख्याध्यापकांनी डबा दोन्ही हातांनी घेतला आणि मग तो ठेवायचा कुठे, हे न कळून टेबलाखाली ठेवला. शिपायाने तिथेच उघडून खाल्ला. नाश्त्याचं दुकान चालवणाऱ्या लियाओ बाईंनी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी तो आहे तसा, सोनेरी दोऱ्यासकट, गल्ल्यावर ठेवून पुढे सरकवला.

"कोचबाई, हा आमच्याकडे चुकून आला वाटतं."

"चुकून नाही. वर तुमचं नाव घालून दिला होता."

"आमच्याकडे गोड कुणी खात नाही."

दुकानात सोयाच्या दुधात साखर घालणारे डझनभर गिऱ्हाइकं बसली होती. त्यातलं एकही हसलं नाही. श्यू-मानने डबा काखोटीला मारला, म्हणाली, "एक अंड्याची पोळी, तिखट जास्त," आणि नेहमीच्या बाकावर जाऊन बसली. पोळी आली. तिखट जास्तच होतं. लियाओ बाईंचा राग कसलाही असो, कुणाच्या ताटात तो कधी उतरला नाही, हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं.

श्यू-मानला गप्प राहता आलं असतं. तसा सल्ला देणारेही कमी नव्हते. पण तिला एक अंत्ययात्रा आठवत होती. ती शाळेत खेळायची तेव्हा हो आडनावाच्या एक बाई तिच्या कोच होत्या. श्यू-मानचा बाप पाण्यातल्या बांबूचे कोंब पिकवायचा. कंबरभर चिखलातून पाय उपसत कोंब तोडणारी ही पोर हो बाईंनी शेताच्या बांधावरून पाहिली आणि तिच्या आईला सांगितलं, ही मला द्या, हिच्या पायांना जमीन धरता येते. त्यांच्या घरी एक 'मावसबहीण' राहायची. भात तीच रांधायची, मुलींच्या हातांना पडलेले फोड तीच सुईने फोडायची. हो बाई गेल्या तेव्हा पुतणे-भाचे पांढरे कपडे घालून पुढे उभे राहिले, आणि मावसबहीण शेजाऱ्यापाजाऱ्यांत, मागच्या रांगेत, एका छत्रीखाली. नातं काय म्हणून पुढे बोलवणार? श्यू-मान तेव्हा बावीस वर्षांची होती. तिला ते इतकं लागलं की घरी येऊन तिने बापाच्या शेतात दिवसभर कोंब तोडले आणि कुणाशी बोलली नाही. आपल्या माणसाला मागच्या रांगेत उभं करायचं नाही, एवढं त्या दिवशी ठरलं.

म्हणूनच सप्टेंबरात, शाळेचं नवं वर्ष सुरू होताना मुख्याध्यापकांनी तिला बाजूला घेऊन हळूच सुचवलं, "लुओ कोच, पालक समितीत कुजबुज आहे. नुसतं म्हणा की मावसबहीण आहे. कागदावर काय असेल ते असो," तेव्हा ती इतकी मोठ्याने "नाही" म्हणाली की बाहेर झाडू मारणारा शिपाई थांबला.

समिती बसली. लियाओ बाईंची मुलगी यून-शान संघातली शेवटची खेळाडू. दोर खांद्यावरून पाठीला वेढून अंग मागे टाकणारी, संघात जिला खुंटा म्हणतात ती. त्यामुळे लियाओ बाईंच्या शब्दाला वजन होतं.

"कोचबाईंनी काही वाईट केलंय असं मी म्हणत नाही," लियाओ बाई म्हणाल्या. "पण आमच्या पोरी वयात आलेल्या. ह्या त्यांचे गुडघे धरतात, कंबर धरतात, स्पर्धेआधी वजन करतात त्या खोलीत पोरी अर्ध्या कपड्यांत असतात तिथे ह्या उभ्या. आधी कळलं नव्हतं तेव्हा ठीक होतं."

"आधीही तुम्हाला कळलं होतं, ताई," श्यू-मान म्हणाली. "अकरा वर्षं माझ्यासाठी आणि यी-च्वानसाठी तुम्हीच दोन पोळ्या बांधून देताय."

कुणीतरी खोकलं. शेवटी तीन गोष्टी ठरल्या. कोचने मुलींना हात लावायचा नाही. बाहेरगावी त्यांच्यासोबत मुक्काम करायचा नाही, तिथे लियाओ बाई जातील. आणि वजनाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. जानेवारीत राष्ट्रीय स्पर्धा, त्यानंतर समिती पुन्हा बसेल आणि कोच ठेवायची की बदलायची ते ठरेल. कबूल असेल तर सर्वांसमोर बोला.

"कबूल," श्यू-मान म्हणाली.

त्या दिवशी घरी यी-च्वानने भांडी अशी आदळली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

"कबूल? कबूल म्हणालीस? तू काय रोगी आहेस, हात लावला तर लागण होईल? तोंडावर राजीनामा फेकून यायचं!"

"फेकला असता. मग त्या आठ पोरींचं काय? आणि पुढे एखादी माझ्यासारखी त्या शाळेत आली तर तिला म्हणतील, मागची अशीच होती, निघून गेली."

"मग मोड तो शब्द. कागदावर थोडाच दिलाय?"

"मोडणार नाही. दिलाय तसा पाळीन." श्यू-मानने तिच्या हातातली कढई काढून घेतली. "पण ज्यांनी तो घेतला ना, त्यांनाच एक दिवस तो परत करायला लावीन. चारचौघांत. जसा घेतला तसा."

"आणि नाही केला परत तर?"

"तर फेब्रुवारीपासून तुझी पत्रं वाटायला येईन."

यी-च्वान हसली नाही. पण भांडी आदळायची थांबली.

आता रस्सीखेच बघणाऱ्याला वाटतं, यात शिकवायचं काय? ओढा म्हणायचं आणि ओढायचं. तसं नाही. अंग जमिनीला जवळजवळ समांतर, पाठ ताठ, गुडघा आत की बाहेर यावर सगळी बाजी. मुलीला सांगून ते कळत नाही. गुडघा धरून अंगठाभर वळवला की शरीराला कळतं. चौदा वर्षं श्यू-मानने हेच केलं होतं. पहिल्या दिवशी ती सरावाला आली आणि हातांचं काय करावं तेच तिला कळेना. मुली चुकत होत्या, तिचे हात आपसूक पुढे जात होते आणि ती ते मागे घेऊन खिशात कोंबत होती. हे फार जिव्हारी लागलं, ते ती कुणाला सांगायची नाही, पण लागलं. पोरींनाही कळत होतं. पेई-त्स नावाची एक चिमखडी होती, ती म्हणाली, "कोच, तुम्ही अशा लांबून बोलता, आम्हाला वाटतं आम्हालाच काही झालंय."

आठवडाभर ओरडून श्यू-मानचा घसा बसला. मुलींचे गुडघे होते तिथेच. मग एके दिवशी वैतागून ती सरावाच्या मनोऱ्यापाशी गेली. दोर कप्पीवरून जातो आणि पलीकडे लोखंडी वजनं टांगलेली असतात, तो मनोरा. तिने वजनांपासून दोर सोडवला, त्या टोकाशी मोठी लोखंडी घसरगाडी बांधली, तिच्यावर वाळूची पोती रचली, आणि गाडीच्या पुढे स्वतः दोर धरून आडवी झाली. पकड बसावी म्हणून हातांना राळ फासली, डोळे मिटले.

"ओढा."

आठ जणींनी ओढलं. दोर ताठ झाला आणि तिच्या तळहातात बोलायला लागला. बापाच्या शेतात चिखल पायाला कुठे धरतो आणि कुठे सोडतो हे जसं न बघता कळायचं, तसंच.

"तिसरी कोण आहे? डावा पाय उशिरा पडतोय. पेई-त्स, तू श्वास तोंडाने घेतेस. यून-शान, मागे पडू नकोस, बस. खुर्चीत बसतात तशी बस."

दोराच्या त्या टोकाकडून पेई-त्सचा आवाज आला, "कोच, तुमच्या अंगात आलंय का?"

"तुझ्याच अंगात काही येत नाहीये, त्याचं बघ. ओढा!"

तेव्हापासून रोज हेच. कोच दोराच्या दुसऱ्या टोकाला. हात लावायचा नाही ना, मग नाही लावणार, पण दोर तर दोन्हीकडच्या हातांत असतो. हे समितीला सुचलं नव्हतं. तिच्या तळहातांची सालं निघाली, खांदा दुखायला लागला, यी-च्वान रोज रात्री आल्याचा लेप लावता लावता समितीचा उद्धार करायची. श्यू-मान मात्र सकाळी उठून लियाओ बाईंच्याच दुकानात जायची.

"दुसरी दुकानं काय ओस पडलीत?" यी-च्वान चिडायची.

"नाहीत. पण माझा बाक तिथे आहे."

लियाओ बाई पोळी द्यायच्या, पैसे घ्यायच्या, बोलायच्या नाहीत. एकदा फक्त तिच्या सोललेल्या हातांकडे बघून म्हणाल्या, "चटके बसतील, दुधाचा कप कागदात गुंडाळून घ्या." आणि स्वतःच गुंडाळून दिला.

जानेवारीत संघ स्पर्धेला गेला. उत्तरेकडचं मोठं शहर, गारठा आणि भुरभुर. मुली आणि लियाओ बाई क्रीडागृहाच्या वसतिगृहात, श्यू-मान चौकातल्या स्वस्त लॉजवर. आदल्या संध्याकाळी वसतिगृहाच्या पायरीवर, आत न जाता, तिने लियाओ बाईंना नीट समजावलं.

"ताई, आठ जणींचं मिळून पाचशे किलोच्या आत बसायचं. मी त्यांना उपाशी ठेवलेलं नाही, महिनाभर जपून खाऊ घालून बरोबर काठावर आणलंय. सकाळी वजन होईपर्यंत काही नाही. नंतर पोटभर. जेवणाचे डबे मी सांगून ठेवलेत."

"कळलं हो. लहान आहे का मी?"

लहान नव्हत्या, हीच अडचण. तीस वर्षं पहाटे उठून गावाला खाऊ घातलेली बाई ती. सकाळी आठ पोरी बाकावर मलूल बसलेल्या, एकीच्या पोटातून आवाज आला, आणि लियाओ बाईंना राहवेना. घरून आणलेला पातेल्याएवढा थर्मास होता, चिकट भात होता. त्यांनी भाताचे गरम गरम गोळे वळले, आत मुळ्याचं लोणचं आणि तळलेल्या पावाची कांडी घातली, आणि एकेकीच्या हातात दिले. एका गोळ्याने असं कितीसं वजन वाढणार!

"काकू, कोच म्हणाल्यात की..." यून-शानच्या शेजारची पुटपुटली.

"कोचबाईंनी पोरं वाढवलीत का कधी? खा. मी बघतेय."

मोठ्या माणसाने प्रेमाने हातात दिलेलं परत करायचं नसतं, हे त्या मुलींना घरोघरी शिकवलेलं. मुलींनी खाल्लं. वर गोड सोयादूधही प्यायल्या.

श्यू-मान क्रीडागृहाच्या मार्गिकेत, वजनाच्या खोलीपासून लांब भिंतीला टेकून उभी होती. दार उघडलं आणि लियाओ बाई बाहेर आल्या त्या पांढऱ्याफटक.

"कोचबाई. दोन किलो वर."

"दोन किलो? कसं शक्य आहे?"

"मी... भात दिला. एकेकच गोळा. आणि थोडं दूध."

श्यू-मानने डोळे मिटले. चार महिने, सोललेले तळहात, सगळं एका भाताच्या गोळ्यात गेलं असं तिला वाटलं. या बाईला इथेच आडवं करावं असंही वाटलं, खोटं कशाला बोला. लियाओ बाई रडायला लागल्या होत्या.

"रडायला नंतर वेळ काढा," श्यू-मान म्हणाली. "खोली अजून तासभर उघडी आहे. पुन्हा वजन करता येतं. सगळ्यांना जाकिटं घालायला सांगा, टोप्या, हातमोजे, असेल ते सगळं. जिन्यात या. तुम्हीसुद्धा."

"मी कशाला?"

"कुणाला घाम फुटला आणि कुणाला नाही, ते पाठीवर हात ठेवल्याशिवाय कळत नाही. माझ्या हातांना बंदी आहे. तुमचे हात लागतील."

मग क्रीडागृहाच्या मागच्या जिन्यात जे चाललं ते बघायला इतर शाळांच्या मुलीही जमल्या. आठ पोरी जाकिटांत फुगून वर-खाली, लाळ सुटून थुंकता यावी म्हणून तोंडात आंबट बोराच्या बिया, खाली कोच ठेका देतेय आणि मधल्या टप्प्यावर लियाओ बाई धापा टाकत एकेकीच्या पाठीत हात घालून ओरडताहेत.

"ही ओली!"

"पुढची!"

"ही कोरडी, ठणठणीत कोरडी!"

"पेई-त्स, अजून दोन फेऱ्या! ताई, यून-शानचा श्वास बघा, लागला असेल तर बसवा तिला. जबरदस्ती नाही, वजन राहिलं तर राहिलं."

"बसत नाही म्हणतेय!"

"कुणावर गेलीय ते कळतंय!"

लियाओ बाई रडत रडत हसल्या. धापा टाकत खाली आल्या तेव्हा त्यांच्या हातांना आठ पोरींचा घाम होता, आणि त्या हातांकडेच बघत राहिल्या.

"हे असं असतं होय," त्या म्हणाल्या. "तुम्ही हे बघायचात."

"दुसरं काय बघणार होते, ताई?"

वेळ संपत आली तसा सगळा घोळका पुन्हा वजनाच्या खोलीपाशी गेला. मार्गिका माणसांनी भरलेली. दुसऱ्या संघांचे कोच, पालक, त्यांच्यातच फूलीहून बसने आलेली समितीची मंडळी आणि मुख्याध्यापक. मुली दारातून आत गेल्या. लियाओ बाईंनी दार धरून ठेवलं.

"चला कोचबाई, आत या. पोरी घाबरल्यात."

श्यू-मान उंबऱ्याबाहेर थांबली. आत जायची इतकी इच्छा झाली होती की पायांची बोटं बुटात आवळली गेली.

"नाही येणार."

"अहो, आता कसला हट्ट? मीच म्हणतेय ना!"

"माझं वजन करायचं नाहीये, ताई, मुलींचं करायचंय. ते माझ्याशिवाय होईल. शब्द मी सगळ्यांसमोर दिला होता. कुणी कानात सांगितलं म्हणून परत नाही घेणार. आणि नुसत्या आजच्या दिवसापुरता तर मुळीच नाही."

लियाओ बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग मार्गिकेकडे. नाश्त्याच्या दुकानात सकाळच्या गर्दीत पोळी कुणाची हे ओरडून सांगायचा त्यांचा एक खास आवाज होता. तो त्यांनी लावला.

"ऐका हो सगळे! मी फूलीची लियाओ, खुंट्याची आई. ह्या आमच्या कोच. ह्यांना मी पोरींपासून लांब ठेवलं. ह्यांनी काही केलं म्हणून नाही. ह्यांच्या घरी बायको आहे म्हणून. त्यांचा लग्नाचा डबासुद्धा परत केला मी. आणि आज पोरींचं नुकसान झालं ते माझ्या हाताने झालंय, ह्यांच्या नाही. मी शब्द परत करते. हात लावायचा, मुक्कामाचा, ह्या खोलीचा, तिन्ही. आज, उद्या आणि पुढच्या वर्षीही."

मुख्याध्यापक पुढे झाले. "लियाओ ताई, हे आपण समितीत रीतसर..."

"समिती इथेच उभी आहे की! ज्यांचं माझ्यासारखं म्हणणं असेल त्यांनी हात वर करा. लाजू नका, बसचं भाडं मागायला बरे पटापट हात वर करता."

एक हात वर गेला. मग दुसरा, मग बरेच. एक गृहस्थ शेवटपर्यंत आपल्या बुटांकडे बघत राहिले, त्यांचा हात काही वर आला नाही. त्यांची मुलगी मात्र आतून, दाराच्या फटीतून हात काढून हलवत होती. मुख्याध्यापकांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि आपलाही हात खांद्यापर्यंत उचलला.

श्यू-मानचे डोळे भरून आले. ती ते लपवायच्या भानगडीत पडली नाही. जाकिटाच्या बाहीने तोंड पुसलं आणि उंबरा ओलांडला.

आत आठ मुली पातळ कपड्यांत कुडकुडत उभ्या होत्या. एकेक काट्यावर चढली, पंच बाईंनी एकेक आकडा मिळवत नेला. शेवटची यून-शान. बेरीज पाचशेच्या खाली आली, एका भाताच्या गोळ्याएवढी. पंच बाई एकेकीच्या मांडीवर वजन झाल्याचा निळा शिक्का मारत गेल्या आणि पेई-त्सने शिक्का वाळायच्या आत उडी मारून तो फिसकटवला, तो पुन्हा मारावा लागला.

खोलीच्या दाराशी लियाओ बाई विचारत होत्या, "कोचबाई, त्या डब्यातलं काही उरलंय का हो?"

"ताई, जूनमधला डबा तो. बुरशी आली."

"मग नवा आणा. पैसे माझे घ्या हवं तर."

"डब्याचे पैसे घेत नसतात. आणि यी-च्वान स्वतः आणून देईल. तिच्या चार गोष्टी ऐकून घ्यायची तयारी ठेवा."

मग पहिल्या खेचीची पुकार झाली. समोर समुद्रकाठच्या शाळेचा संघ, गतवर्षीचा विजेता. मुलींनी हातांना राळ फासली आणि चटईवर आपापल्या जागी बसल्या. यून-शानने दोर खांद्यावरून पाठीला वेढला. तिचा उजवा गुडघा बाहेर पडला होता, सप्टेंबरपासून पडत होता, दोरातून रोज कळत होता. श्यू-मान रांगेच्या कडेने चालत शेवटपर्यंत गेली आणि तिच्यापाशी उकिडवी बसली. दोन्ही हात तिने त्या गुडघ्यावर ठेवले.

"कोच! केवढे गार हात तुमचे!"

"वापरात नव्हते," श्यू-मान म्हणाली, आणि तो गुडघा अंगठाभर आत वळवला.